उंचीमुळे पेस बदलतो का? आणि आपल्या उंचीला धरून पळायचं कसं

माझी उंची पाच फूट, म्हणजे 152 सेंटीमीटर. माझा धाकटा दीर सहा फूट एक इंच. आम्ही दोघं ठाण्यात राहतो, रविवारी पहाटे उपवनवरून येऊरच्या चढाकडे पळत जातो, आणि ग्रुपमध्ये कोणी नवीन आलं की महिन्याभरात एकदा तरी मला ऐकवतंच, "वहिनी, तुम्हाला डबल मेहनत हो, त्याची एक ढांग म्हणजे तुमच्या दोन." दीर गालातल्या गालात हसतो, कारण त्याला माहितीये की हाफ मॅरेथॉनमध्ये (21 किलोमीटरला) आमच्या टायमात पाच-सात मिनिटांपेक्षा जास्त फरक पडत नाही, आणि दोन वेळा तर मीच त्याच्या आधी पोचून केळं खाऊन बसले होते.

त्याच्या एका ढांगेत माझ्या दोन, हे मी एकदा मोजूनच बघितलं. दोघं शेजारी शेजारी 6:30 च्या पेसने पळत होतो, म्हणजे किलोमीटरला साडेसहा मिनिटं, म्हणजे मिनिटाला साधारण 154 मीटर. माझी मिनिटाला 176 पावलं पडत होती, त्याची 160. भागाकार करा, माझं पाऊल 87 सेंटीमीटर, त्याचं 96. फक्त नऊ सेंटीमीटरचा फरक! उंचीत तो माझ्यापेक्षा 22 टक्के जास्त आहे पण पावलात जेमतेम 10 टक्के. अख्ख्या हाफमध्ये मला त्याच्यापेक्षा 2,200 च्या आसपास पावलं जास्त टाकावी लागतात, 24 हजारांमध्ये 2,200, डबल वगैरे काही नाही.

मग हे "डबल" लोकांच्या डोक्यात येतं कुठून, तर चालण्यावरून येतं. बाजारात हाच दीर नुसता रमतगमत चालतो आणि मी मागून अर्धी पळत असते, पिशवी सांभाळत. चालताना एक पाय कायम जमिनीवर असतो, म्हणून पाऊल किती लांब पडणार हे बरंचसं पायाच्या लांबीवरच ठरतं. पळताना तसं नसतं, पळताना दोन्ही पाय काही क्षण हवेत असतात, आणि त्या हवेतल्या क्षणात तुम्ही किती पुढे सरकता हे तुम्ही जमिनीला मागे किती जोरात रेटलंत त्यावर आहे, टांगा किती लांब आहेत त्यावर कमी. उंचीचा फायदा तिथेच पातळ होतो.

रन-वॉक करणाऱ्यांनी इथे एक गोष्ट लक्षात ठेवा. चालण्यापेक्षा पळणं सोपं वाटायला लागतं तो वेग प्रत्येकाच्या पायाच्या लांबीप्रमाणे बदलतो. माझ्या पायाला तो ताशी साधारण 7 किलोमीटरला येतो, दिराच्या पायाला पावणेआठच्या आसपास. म्हणजे किलोमीटरला आठ मिनिटं या वेगात तो अजून झपाझप चालू शकतो आणि मला जॉगिंग करावंच लागतं. तेव्हा उंच मैत्रिणीबरोबर "दोन मिनिटं पळू, एक मिनिट चालू" असं ठरवलं असेल तर तिच्या चालण्याला चालून जुळवायला जाऊ नका, पोटऱ्या भरून येतील. तुम्ही त्या मिनिटात आपलं हळू चाला आणि पळायच्या दोन मिनिटांत हळूहळू गाठा.

मोठ्या लोकांची उदाहरणं, कारण ती सगळेच देतात

उंची म्हटलं की पहिलं नाव उसेन बोल्ट. 1.95 मीटर उंची, 2009 मध्ये बर्लिनला 100 मीटर 9.58 सेकंदात, आणि तेवढ्यात फक्त 41 च्या आसपास पावलं. बरोबर आहे, पण ते स्प्रिंट. आपण जे पळतो त्याच्याशी त्याचं नातं फार लांबचं.

लांब पल्ल्याचं बघायचं तर मला 2000 सालची सिडनी ऑलिंपिकची 10,000 मीटरची शर्यत आवडते. इथिओपियाचा हाइले गेब्रसेलासी, उंची 1.65 मीटर. केनियाचा पॉल टेरगाट, 1.82 मीटर. एवढ्या फरकाचे दोन गडी पंचवीस फेऱ्या पळून शेवटच्या सरळ रेषेत खांद्याला खांदा लावून आले, हाइलेची वेळ 27:18.20 आणि टेरगाटची 27:18.29. सेकंदाचे नऊ शतांश! 17 सेंटीमीटर उंचीच्या बदल्यात 0.09 सेकंद, आणि तेही बुटक्याच्या बाजूने. पुढे टेरगाटने 2003 मध्ये बर्लिनला मॅरेथॉनचा वर्ल्ड रेकॉर्ड केला 2:04:55, आणि 2007 मध्ये त्याच बर्लिनच्या रस्त्यावर हाइलेने तो मोडला, 2:04:26. केनियाचा मॅरेथॉनपटू किपचोगेही 1.67 मीटरचाच आहे, आपल्या इकडे लग्नाच्या जाहिरातीत "मध्यम उंची" लिहितात तसा.

पण माझी खरी देवता म्हणजे जपानची मिझुकी नोगुची. उंची 1.50 मीटर, माझ्यापेक्षा दोन सेंटीमीटर कमी! 2004 ला अथेन्स ऑलिंपिकची मॅरेथॉन तिने जिंकली, 2:26:20, ऑगस्टची संध्याकाळ, पस्तीस अंशांचं ऊन आणि चढाचा रस्ता. त्या शर्यतीत ब्रिटनची पॉला रॅडक्लिफ फेव्हरिट होती, 1.73 मीटर उंच, मॅरेथॉनचा वर्ल्ड रेकॉर्ड तेव्हा तिच्याच नावावर 2:15:25, आणि ती 36 किलोमीटरच्या आसपास थांबली. आता उंचीमुळे थांबली असं मी म्हणणार नाही, तिच्या पोटाचीही बोंब होती, पण उन्हाचा मुद्दा आहेच, त्यावर खाली येते. नोगुचीची दुसरी गंमत म्हणजे ती बारीक पावलं टाकणारी नव्हतीच, ती तिच्या मोठ्या ढांगांसाठी ओळखली जायची. 1.50 मीटरची बाई मोठ्या ढांगा टाकून पळते म्हटल्यावर "उंची कमी म्हणून पावलं बारीक" हा नियमही गेला.

म्हणून उंची आणि पेस यांचं सरळ नातं लावू नका. आपल्यासारख्या हौशी लोकांमध्ये तर नकोच, कारण आपल्यात आठवड्याला 15 किलोमीटर पळणारा आणि 50 पळणारा असा फरक असतो, कोणी सहा तास झोपतं कोणी आठ, कोणाचं पोट सुटलंय, कोणी दहा वर्षं पळतंय आणि कोणी डॉक्टरने सांगितलं म्हणून कालपासून. या सगळ्यापुढे उंचीचा हिशोब वरणातल्या हिंगाएवढा. आणि हो, माझ्यासारखी बाई दिरासारख्या पुरुषापेक्षा मागे असेल तर लोक लगेच उंचीवर ढकलतात, तिथेही मुख्य कारण रक्तातलं हिमोग्लोबिन, हृदयाचा आकार, स्नायू हे असतं. तुलना करायचीच असेल तर आपल्या वयाच्या आणि आपल्याच लिंगाच्या माणसाशी करा, किंवा सगळ्यात बरं म्हणजे गेल्या वर्षीच्या स्वतःशी.

उंचीने पेस ठरत नाही, पण आपण तो पेस *कसा* गाठतो ते थोडंफार ठरतं. पाऊल, कॅडन्स (म्हणजे मिनिटाला किती पावलं पडतात ते), घाम, चढ-उतार, घड्याळ, या पाच-सहा ठिकाणी उंची आडवी येते किंवा कामाला येते, आणि तिथेच लोक चुका करतात. मी सुद्धा केली.

माझी चूक

तीन-चार सीझन आधी मी मुंबईच्या हाफची तयारी करत होते आणि डोक्यात घेतलं की दिराच्या पावलात पाऊल टाकायचं. अगदी शब्दशः. त्याचा डावा पडला की माझा डावा. पेस तोच ठेवून कॅडन्स 176 वरून 160 वर आणायचा म्हणजे प्रत्येक पाऊल नऊ सेंटीमीटरने लांबवायचं, आणि ते लांबणार कसं तर पाय गुडघ्याच्या पुढे फेकून, टाच आधी आपटून. तीन आठवडे भारी वाटलं, फोटोही छान यायचे. चौथ्या आठवड्यात उजवी नडगी दुखायला लागली, आधी पळताना, मग जिना उतरताना, मग बोटाने दाबलं तरी. पाच आठवडे बंद. फिजिओने मोबाईलवर बाजूने व्हिडिओ काढून दाखवला तेव्हा कळलं, माझं पाऊल पडत होतं ते शरीराच्या वीतभर पुढे, दर पावलाला मी स्वतःलाच ब्रेक मारत होते. रिक्षावाला सिग्नल बघून एकदम ब्रेक मारतो आणि परत गिअर टाकतो, तसं अख्ख्या हाफमध्ये 22 हजार वेळा.

याला ओव्हरस्ट्रायडिंग म्हणतात. बुटकी माणसं ते उंचांची नक्कल करताना करतात आणि उंच माणसं आपोआप करतात, दोघांनीही तपासायला हवं.

तर तपासायचं कसं

पहिल्यांदा कॅडन्स मोजा. घड्याळात दिसतोच, पण एकदा हाताने मोजा. दहा मिनिटं हळू पळून अंग गरम झालं की 30 सेकंद फक्त उजवा पाय किती वेळा पडला ते मोजा आणि चारने गुणा. माझे 43 आले तर 172. काही ॲप दोन पावलांना मिळून एक धरतात, तिथे 86 दिसेल, घाबरू नका, दुप्पट करा.

मग पावलाची लांबी. 400 मीटरचा ट्रॅक मिळाला तर उत्तम, मुंबईत प्रियदर्शिनी पार्कात आहे, पुण्यात बालेवाडीला आहे. नाहीच मिळाला तर सरळ सपाट रस्त्यावर घड्याळाने अर्धा-एक किलोमीटर मोजून घ्या. आतल्या लेनमधून रोजच्या आरामाच्या पेसने एक फेरी मारा आणि उजवं पाऊल मोजत रहा. मी 7:00 च्या पेसला मोजलं तेव्हा उजवं पाऊल 241 वेळा पडलं, दुप्पट 482, मग 400 भागिले 482, म्हणजे 83 सेंटीमीटर. आकडा वहीत लिहा, तारीख टाका. हा आकडा दुसऱ्या कोणाला सांगून काही उपयोग नाही, नवऱ्यालाही नाही. हा फक्त तीन महिन्यांनी परत मोजून तुलना करायला.

तिसरं म्हणजे व्हिडिओ. कोणाला तरी रस्त्याच्या कडेला कमरेच्या उंचीवर मोबाईल धरून उभं करा, तुम्ही समोरून आडवे पळत जा, स्लो मोशनमध्ये. घरी येऊन पाऊल जमिनीला टेकतं ती फ्रेम थांबवा आणि नडगी बघा. नडगी साधारण उभी, गुडघा घोट्याच्या वर, तर झालं, बाकी टाच आधी टेकते का चवडा याच्यात फार जीव घालवू नका. नडगी तिरपी, पाय लांब पुढे, गुडघा ताठ, तर ओव्हरस्ट्रायडिंग. दिराचा व्हिडिओ काढला तेव्हा त्याचा पाय माझ्या नक्कल-काळापेक्षाही पुढे पडत होता आणि त्याला वाटायचं आपला गुडघा वयामुळे कुरकुरतोय. अरे 34 वय आहे तुझं!

180 चं भूत

कॅडन्सचा विषय निघाला की कोणीतरी 180 म्हणतंच. ते कुठून आलं तर अमेरिकेतले एक प्रसिद्ध कोच, नाव जॅक डॅनियल्स (हो, बाटलीवरचंच नाव, माणूस वेगळा), त्यांनी 1984 च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये बसून धावपटूंची पावलं मोजली आणि जवळजवळ सगळे 180 किंवा त्याच्या वर निघाले. पण ते ऑलिंपिकवाले, शर्यतीच्या वेगात. आपण 6:30 ने सोसायटीच्या बाहेर पळणारे. वेग कमी झाला की कॅडन्सही कमी होतो, आणि उंच माणसाचा बुटक्यापेक्षा साधारण कमीच असतो, त्यामुळे सहा फुटी माणसाने आरामाच्या पळण्यात 180 गाठायला जाणं म्हणजे जागच्या जागी शिवणयंत्र चालवणं.

शरीर आपला कॅडन्स बऱ्यापैकी बरोबर निवडतं, दमछाक कमीत कमी होईल असा. त्याला उगाच छेडायचं नाही. पण व्हिडिओत पाऊल फार पुढे पडताना दिसलं किंवा गुडघा-नडगी वारंवार दुखत असेल तर आहे त्या आकड्यावर 5 टक्के चढवा, बास. 160 असेल तर 168. त्याने गुडघ्यावरचा भार कमी होतो हे तपासून बघितलेलं आहे. करायचं कसं, तर मोबाईलवर मेट्रोनोम ॲप 168 ला लावा, एक मिनिट त्या टिकटिकीवर पळा, दोन मिनिटं विसरून जा, परत एक मिनिट, असं पाच-सहा वेळा, आठवड्यातून दोनदा, महिनाभर. यात सगळ्यांची एक चूक ठरलेली, टिकटिक वाढली की पेसही वाढवतात आणि मग धापा टाकत सांगतात की हे फार दमवणारं आहे. पेस तोच ठेवायचा! 6:30 ला 160 चे 168 केले की पाऊल साडेचार सेंटीमीटरने आखडतं, दोन-अडीच बोटं फक्त, तेवढं पुरतं. दिराने हे केलं, आता आपसूक 166-167 येतो त्याचा, आणि गुडघ्याचं वय परत 34 झालंय.

बुटक्यांचा प्रश्न उलटा असतो. आपला कॅडन्स आधीच 175-180 असतो, तो किती वाढवणार? मग पेस वाढणार कसा? तर पाऊल लांबवूनच, पण पुढे फेकून नाही, मागून रेटून. माझा पेस 7:00 वरून 6:30 झाला तेव्हा कॅडन्स 172 चा 176 झाला, किरकोळ, आणि पाऊल 83 चं 87 झालं. ते चार सेंटीमीटर मी ठरवून टाकले नाहीत, ते आले पोटऱ्या आणि कुल्ल्यांच्या ताकदीतून आणि नुसतं जास्त पळल्याने. काय केलं ते सांगते: आठवड्यातून दोनदा जिन्याच्या पायरीवर चवड्यांवर उभं राहून टाच खाली-वर, आधी दोन्ही पायांनी मग एकेका पायाने, 12-15 चे तीन सेट, उठाबशा, आणि पाठीवर सॅक घालून पायरीवर चढ-उतर. शिवाय हळू पळून झालं की शेवटी 20 सेकंदांच्या चार-सहा स्ट्राईड्स, म्हणजे जीव तोडून नाही पण छान मोकळं जोरात, मध्ये मिनिट-दीड मिनिट चालायचं. दहा-बारा आठवड्यांनी ट्रॅकवर परत मोजा.

उन्हाळा, घाम आणि बटाटे

हा भाग मला सगळ्यात आवडतो कारण इथे बुटक्यांची चलती आहे. साबुदाण्याच्या खिचडीला बटाटे उकडता तेव्हा बघा, लहान बटाटा आधी गार होतो आणि मोठा सोलताना अजून बोटं भाजत असतात. आकार लहान की वजनाच्या मानाने साल जास्त. माणसाचंही तेच. माझं वजन 50 किलो, दिराचं 82. अंगाच्या कातडीचं जे सूत्र डॉक्टर वापरतात त्याने हिशोब केला तर माझ्या वाट्याला किलोमागे साधारण 290 चौरस सेंटीमीटर कातडी येते आणि त्याला 250. उष्णता बाहेर जायला मला दरवाजा मोठा. वर त्याच पेसला तो उष्णता जास्त तयार करतो, कारण पळण्याचा खर्च ढोबळ मानाने किलोला किलोमीटरमागे एक कॅलरी, म्हणजे हाफला मला 1,050 च्या आसपास आणि त्याला 1,700 च्या वर. मुंबईच्या दमट हवेत घाम वाळतच नाही, मग मोठ्या अंगाचे हाल.

म्हणून उंच, धिप्पाड लोकांनो, थंडीतला पेस मे महिन्यात धरू नका, किलोमीटरला 20-30 सेकंद सोडून द्या आणि लाज बाळगू नका. आणि पाणी एकमेकांचं बघून पिऊ नका. घरच्या वजनकाट्यावर पळण्याआधी कमीत कमी कपड्यांत वजन करा, एक तास पळा, घाम पुसून परत तसंच करा. एक किलो कमी झालं तर साधारण एक लिटर घाम गेला, मध्ये पाणी प्यायलात तर ते त्यात मिळवा. माझा तासाला अर्ध्या-पाऊण लिटरवर येतो, दिराचा दीडच्या घरात. आम्ही दोघं पाण्याच्या प्रत्येक स्टॉलवर सारखेच दोन-दोन कप ढोसायचो तेव्हा माझं पोट डुचमळायचं आणि तो 17 व्या किलोमीटरला मलूल व्हायचा. मला मी जास्त नाजूक आहे म्हणून मळमळतं असं सगळे सांगायचे. नाजूक कसली, पाणी जास्त होत होतं. आता मी तहान लागली की चार घोट पिते, तो आठवणीने पितो आणि मिठाची लिंबू-साखर बाटली कमरेला लावतो.

चढ, उतार आणि वारा

चढाला सगळ्यांनीच पाऊल आखडायचं. आपल्याला ते सवयीने जमतं, उंचांना शिकावं लागतं. पेडर रोडचा चढ मुंबईच्या हाफमध्ये बरंच अंतर कापून झाल्यावर येतो, तिथे दरवर्षी उंच पोरं ढांगा टाकत वर जाताना दिसतात आणि माथ्यावर चालताना. सरावाला येऊर चांगला, साताऱ्याकडचे असाल तर यवतेश्वरचा घाट आहेच, साताऱ्याची हिल हाफ त्याच घाटाने वर जाते आणि खाली येते. चढाला घड्याळातला पेस झाकून ठेवा, कॅडन्स तेवढा सपाटीचा धरा आणि श्वास बघा.

उताराला उंच माणसाला मोह होतो पाय मोकळे सोडायचा. पाय पुढे पुढे पडतात, मांड्या ब्रेक मारतात, आणि दुसऱ्या दिवशी कमोडवर बसताना आई आठवते. उताराला थोडं पुढे झुकून पटपट बारीक पावलं टाका, हात जरा बाहेर.

वाऱ्याला मात्र उंची नडते, पण आपल्या पेसला फार नाही. सी लिंकवर समोरून वारा आला तर मी सरळ एखादा रुंद पाठीचा उंच माणूस शोधते आणि त्याच्या मागे दीड-दोन हातांवर राहते. फक्त त्याच्या पायांकडे बघायचं नाही! समोरच्याच्या पावलांची लय नकळत आपल्या पायात उतरते, पेसरच्या बसमध्येही (पेसर म्हणजे ठरलेल्या वेळेत शर्यत पुरी करून देणारा, आणि त्याच्या मागे पळणारा घोळका म्हणजे बस) हेच होतं. 2:15 ची बस घेऊन जाणारा पेसर सहा फुटी असेल तर अर्धी बस त्याच्या तालावर पाय टाकायला लागते. नजर त्याच्या खांद्यावर किंवा झेंड्यावर ठेवा, कान आपल्या पावलांकडे. पेस त्याचा, पावलं आपली.

घड्याळ आणि ट्रेडमिल

घड्याळात किंवा ॲपमध्ये उंची खरी टाका. पुष्कळ जण घाईत जे आधीच भरलेलं असतं तेच ठेवतात. जीपीएस चालू असताना फरक पडत नाही पण ट्रेडमिलवर किंवा जीपीएस बंद असेल तेव्हा बरीचशी घड्याळं पावलं मोजून, उंचीवरून पावलाची लांबी धरून अंतर काढतात. माझं पहिलं घड्याळ नवऱ्याच्या जुन्या अकाऊंटवर चालू होतं, 178 सेंटीमीटर उंची, आणि जिममध्ये मी महिनाभर किलोमीटरला पाच मिनिटं चाळीसने पळत होते! काय तो आनंद. बाहेर रस्त्यावर आले आणि 6:50. ट्रॅकवरची आपली मोजलेली लांबी टाकायची सोय असेल तर ती टाका, सगळ्यात बरं.

ट्रेडमिलचा पट्टा आखूड असेल तर उंच माणूस पुढच्या दांडीला आपटेल या भीतीने अवघडून पळतो, त्याने जिममधला सगळ्यात लांब पट्टा पकडावा आणि मध्यावर राहावं. आपल्याला कुठलाही चालतो. फक्त डिस्प्ले माझ्या हनुवटीपर्यंत येतो आणि टॉवेल अडकवायची दांडी डोक्याच्या जरा वर, त्यामुळे घाम पुसायला मी दर वेळी उडी मारते, त्या एका पावलाची लांबी अजून मोजलेली नाही.